नकाशा क्रमांक ११७, घडी पडलेला

शाई चालणार नाही. पेन्सिल इथे मिळेल.
कोट, छत्री, सफरचंद, सगळं बाहेरच्या कपाटात.
हात धुऊन, कोरडे करून या.
ग्रोनिंगनच्या या वाचनकक्षात सव्वीस वर्षं
मी हेच बोलत आलेय
आणि बाळंतिणीच्या खोलीत शिरावं तशी
माणसं निमूट आत येतात.

एप्पो विगबोल्डुस हात धुऊन आले
तरी नखांत चिखलाची बारीक रेघ होतीच.
चाळीस वर्षं समुद्रबांधाचे पाणदरवाजे सांभाळलेला माणूस,
ती रेघ साबणाने जायची नाही.
मी पाहिलं, आणि पाहिलं नाही.

मागणीपत्रावर एकच नाव, दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेलं:
हौविंगे.
आजीचं माहेरचं आडनावही तेच, म्हणाले.
गाव खाडीत गेलं त्याला साडेचारशे वर्षं झाली
पण आजी पत्ता सांगावा तसं सांगायची,
बांधाच्या कडेने जा, देवळाशी डावीकडे वळ.

मी पेटी आणली. स्पंजाच्या उशा मांडल्या,
शिशाचे मणी भरलेली कापडी वजनं
चारी कोपऱ्यांवर हलकेच ठेवली.
मोजणीदाराने बांध तांबड्यात काढलाय,
गाई जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या,
प्रत्येक गावाला एक मनोरा, मनोऱ्यावर कोंबडा.
कुरणांचा हिरवा तांब्यापासून केलेला,
तो आपलाच कागद खात बसलाय.
समुद्र मात्र जसाच्या तसा, निळा, निरोगी.

विगबोल्डुस बांधाच्या कडेने निघाले
हवेतल्या बोटाने, कागदापासून दोन इंच वर.
एक देऊळ. दुसरं देऊळ. मग डावीकडे.
तिथे काहीच नव्हतं.
पैशाएवढा पांढुरका डाग,
कागद इतका विरलेला की खालची उशी दिसावी.

उंदीर? त्यांनी विचारलं.
वाळवी? पाणी?
नाही, मी म्हटलं. बोटं.

हा नकाशा कज्जासाठी काढलेला.
बांध दुरुस्त करायचा कुणी?
मठ म्हणे जमीनदारांनी, जमीनदार म्हणत शहराने,
शहर म्हणे ज्याचं गाव त्याने.
अकरा वर्षं हा कागद मेजावर पसरला जात होता
आणि येणारा प्रत्येक जण
नेमकं इथेच बोट ठेवून सांगत होता:
हे, हे गाव, याचं काय करायचं?
वकील, न्यायाधीश, कारकून, धर्मगुरू.
काय करायचं ते ठरलं नाही.
समुद्राच्या आधी
या मेजावरच सगळ्यांनी गावावर पाणी सोडलं होतं.

ते बराच वेळ आपल्या तर्जनीकडे पाहत राहिले.
मग तिची मूठ करून मांडीवर ठेवली.

फेनेकाला बोलावलं, आमच्या दुरुस्ती विभागातली पोरगी,
केस निळे, हात सुइणीचे.
तिने कागदाखाली उजेडाचा पातळ पत्रा सरकवला,
दिवे मालवले.
बांधावर टिपके उमटले, देवळांवर टिपके;
कुणीतरी कधी नक्कल उतरवताना
सुईने टोचून घेतलेल्या जागा.
आणि त्या विरल्या डागाच्या काठावर
अजून एक.
टाचणीच्या टोकाएवढा उजेड.

मनोरा, फेनेका म्हणाली. किंवा कोंबडा.

विगबोल्डुस रडले वगैरे नाहीत.
त्यांनी मापपट्टी मागितली,
कागदाच्या कपट्यावर पेन्सिलीने खुणा केल्या, पुटपुटत हिशोब केला.
माझ्या तिसऱ्या दरवाज्यापासून
नऊशे पावलं, ते म्हणाले. बाहेरच्या अंगाला.
मग थांबून:
दिवसातून दोनदा मी त्याच्यावरच पाणी सोडत होतो.

पाच वाजता नकाशा परत पेटीत गेला.
नोंदवहीत रकाना असतो: नवीन झीज.
मी "नाही" लिहिलं.
पेन्सिल त्यांनी टोक करून परत दिली.
सफरचंद नऊ नंबरच्या कपाटातच राहिलं,
सोमवारी कळलं, वासावरून.